लेकरांचा वारंगुळा

(उमरगा तालुक्यात बचतगटांतल्या आणि संघटनेतल्या बायकांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून, थोडंफार नीटनेटकं करून देत आहोत.)



मला दिलेला विषय पत्रिकेत असा छापलाय : 'लहान मुलांच्या पालकांमधील परस्पर सहकार्य'. मी एम.एस.डब्ल्यू. केलेलं असल्यामुळे असली वाक्यं मलाही लिहिता येतात, भरपूर लिहिलीही आहेत. पण आज सकाळी इथं येताना बाहेर लिंबाखाली जे दिसलं, ते या वाक्यात बसत नाही. तिथं सतरंजीवर वीस-बावीस लेकरं आहेत, एक झोळीत आहे, आणि चार बायका त्यांच्यापाशी बसल्यात. त्या चौघीही शिबिराला आलेल्या आहेत. त्यांचीही नावं रजिस्टरात आहेत. पण इथलं एक अक्षर त्यांच्या कानावर जाणार नाही. मी एकीला विचारलं, तुम्ही आत नाही येणार? ती म्हणाली, "आज माझा वार हाय, ताई. तुमी बोला. ह्या सांगतील मला मागनं."

वार. रानातल्या कामात वारंगुळा असतो, तो मी तुम्हाला काय सांगणार! आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या सगळ्यांनी तुझ्या रानात. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच सावड म्हणतात. त्यात पैसा फिरत नाही, पण हिशेब असतो आणि तो पक्का असतो. कोण किती दिवस आलं हे वहीत कुणी लिहीत नाही आणि कुणी विसरतही नाही. लेकरं सांभाळण्याचाही असाच वारंगुळा गावोगाव बायकाबायकांत चालत आलाय. फरक एवढाच, की रानातल्या वारंगुळ्याला नाव आहे, त्याच्यावर पारावर बोलणं होतं, तो मोडला तर भांडण होतं. लेकरांच्या वारंगुळ्याला नावच नाही. विचारलं की बायका म्हणतात, "काय नाय ओ, शेजारीण बघती जरा."

या 'जरा'बद्दल मला बोलायचंय.

आधी माझंच सांगते. मी धाराशिव शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. नवरा नोकरीला सोलापूरला, ड्यूट्या अशा की आठवड्यातून दोनदा घरी येणार. मुलगी अकरा महिन्यांची झाली तेव्हा मी पुन्हा कामावर जायला लागले. सासूबाई गावाकडं, त्यांना म्हशी सोडून येणं शक्य नव्हतं, आणि त्यांनी का म्हणून यावं, हाही प्रश्न आहेच. शेजारी एका एस.टी. कंडक्टरांचं बिऱ्हाड. त्यांची बायको माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, तिचा मुलगा माझ्या मुलीहून दोन महिन्यांनी मोठा. संध्याकाळी दोघी दारात बसायचो. "दात येताना तुमचीला पण जुलाब झाले का, ताई?" एवढ्यावरून आमची मैत्री सुरू झाली. एकदा रात्री दीड वाजता माझ्या मुलीला ताप चढला, अंग तापून लाल झालं, तेव्हा ही स्वतःचं झोपलेलं पोर खांद्यावर टाकून माझ्याबरोबर रिक्षात बसली. दवाखान्यात पहाटेपर्यंत बाकावर बसून होती. बाळंतपणानंतर मला आलेली सुस्ती, चिडचिड, कधी कधी मुलीकडं बघावंसंच वाटत नाही हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, हिला सांगितलं. ती म्हणाली, "मला पण होतं तसं. मी मग भांडी घासत बसते जोरजोरात."

तर मी कामावर जायला लागले तशी माझी मुलगी हिच्याकडं राहायला लागली. सकाळी दहा ते तीन, आठवड्यातले पाच दिवस. आणि दर रविवारी दोन तास मी तिच्या मुलाला ठेवून घ्यायचे. मी लोकांना कौतुकानं सांगायचे, आम्ही दोघी मिळून मुलं वाढवतोय.

एकदा ती म्हणाली, "बुधवारी माझी शिवणाची परीक्षा हाय, अकरा ते दोन. ह्याला ठेवाल का?" मी म्हटलं, बुधवारी नेमकी माझी बैठक आहे गं, टाळता येणार नाही. ती म्हणाली, बरं. त्या बैठकीचा विषय होता स्त्रियांचे बिनमोलाचे श्रम. हसू नका. मी त्या बैठकीत चांगलं बोललेसुद्धा. आणि मी बोलत होते तेव्हा माझी मुलगी कुठं होती? तिच्याकडंच. तिनं परीक्षा दिलीच नाही. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही तिच्या सासूकडून.

त्या रात्री मी हिशेब मांडला. तिचे आठवड्याचे पंचवीस तास, माझे दोन. माझ्याकडं 'काम' आहे आणि तिच्याकडं 'वेळ' आहे, असं मी बिनदिक्कत धरून चालले होते. घरी राहणाऱ्या बाईला वेळच वेळ असतो, हे पुरुष म्हणतात तेव्हा आपण केवढ्या चवताळून उठतो! मी तेच म्हणत होते, फक्त तोंडानं म्हणत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पैशाचं बोलले, तर ती दुखावली. "मी काय तुमच्याकडं कामाला हाय का?" म्हणाली. मैत्रीत पैसा आला की मैत्री बाटते असं तिला वाटत होतं, आणि पैसा न येता ती वापरली जात होती हे मला दिसत होतं. आम्ही दोन-तीन दिवस धड बोललो नाही. मग हळूहळू असं ठरलं, की संध्याकाळी सहा ते आठ दोन्ही पोरं माझ्याकडं आणि ती मशीनवर. दोघांचं दूध-खाऊ माझ्याकडून. पुढच्या परीक्षेला मी रजा टाकली, ती पास झाली. तरी हा हिशेब सुटलाय असं मी म्हणणार नाही. अजूनही माप तिच्याच बाजूनं जास्त पडतं.

आता गावाकडं येते. इथं बसलेल्यांपैकी निम्म्या जणी भूकंपात वसलेल्या गावांतल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात आणि सास्तूर आपल्याकडं, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. मी तेव्हा कळत्या वयाची नव्हते, त्यामुळे जे सांगते ते तुमच्यातल्याच मोठ्या बायकांकडून ऐकलेलं आहे.

जुनं गाव म्हणजे माळवदाची घरं, भिंतीला भिंत लागलेली, अरुंद बोळ. ती भिंत पडूनच माणसं दगडमातीखाली गाडली गेली, त्यामुळे जुन्या घरांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण नवी गावं आखली तेव्हा रुंद रस्ते आले, सरळ रेषेत घरं आली, मधे मोकळी जागा आली. घराचा आकार जमिनीवर ठरला : कुणाला अडीचशे चौरस फूट, कुणाला चारशे, जास्त जमीनवाल्याला साडेसातशे. आणि बऱ्याच गावांत घरं आकारानुसार ओळीनं बसवली, म्हणून शेजार तुटले. एका आजींनी मला सांगितलं, "जुन्या गावात लेकरू कुणाच्या अंगणात हाय ते मला चुलीपाशी बसून आवाजावरनं कळायचं. हितं हाक मारायची तर रस्ता वलांडून जावं लागतंय." घर देताना सिमेंट मोजलं, पत्रे मोजले, चौरस फूट मोजले. हाक कुठवर पोचते हे काही कुणी मोजलं नाही.

त्यानंतरच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग'नं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घरं कशी बांधायची यावर बायका अधिकाऱ्यांशी बोलायला लागल्या. आजच्या कितीतरी बचतगटांची मुळं त्या काळात आहेत. पण तोवर नव्या जागेच्या गावांचे नकाशे ठरून गेले होते.

अशाच एका नव्या जागेवरच्या गावात, लोहारा तालुक्यात, मी नोकरीच्या पहिल्या वर्षी गेले होते. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या बायकांनीच तसं बजावलंय. तेव्हा मी अहवालात लिहिलं, 'गावात बालसंगोपनाबाबत महिलांमध्ये उत्तम परस्पर सहकार्य आढळते.' दोन वर्षांनी सोयाबीन काढणीच्या दिवसांत परत गेले आणि चार दिवस राहिले, तेव्हा त्या वाक्याची लाज वाटली.

बायकांची टोळी गुत्त्यानं सोयाबीन काढत होती. पहाटे घर सोडायचं, दिवस मावळता परतायचं. सात लेकरं एकीच्या दारात ठेवलेली. ही बाई नवऱ्यानं टाकलेली, तिची स्वतःची मुलगी बारा वर्षांची. म्हणजे तिला वारंगुळा फेडून घ्यायला काही उरलंच नव्हतं. ती सगळ्यांची बघणार, तिचं कुणी बघायचं नाही. बदल्यात सुगीला कुणी पायलीभर ज्वारी देई, कुणी जुनं लुगडं, कुणी काहीच नाही. मी विचारलं, तुम्ही का नाही जात गुत्त्यावर? म्हणाली, "मला टोळीत घेतच नाहीत की. मी रानात गेल्यावर लेकरं कोण बघंल?" पुन्हा एकदा ऐका. सगळ्यांच्या उपयोगाची होती, म्हणूनच तिला कमाईतून बाहेर ठेवलं होतं. आणि ते करणाऱ्या बायका काही दुष्ट नव्हत्या. सणाला तिच्या घरी पुरणपोळी पोचवणाऱ्याच होत्या.

दुसरी गोष्ट मला तिसऱ्या दिवशी दिसली. टोळीतल्या एकीचं दीड वर्षाचं पोर बांधावर बाभळीला बांधलेल्या झोळीत होतं. ऊन फिरलं की ती काम टाकून झोळी दुसऱ्या फांदीला बांधायची. बाकीच्या सातांमध्ये हे आठवं का नाही? ती मातंग वस्तीतली. मी तिला विचारलं, तुमचं लेकरू घ्यायला त्या नको म्हणाल्या का? ती म्हणाली, "म्या कधी इचारलंच नाही. इचारलं आन् न्हाई म्हनल्या, तर उद्या त्यांच्याच पातीला कशी बसू?"

या उत्तरावर माझ्याकडं बोलायला काही नव्हतं, आजही नाही. न विचारण्यातच तिनं त्या बायकांशी असलेली तिची मैत्री राखली होती.

गटाच्या बैठकीत दोन्ही विषय निघाले. पहिला त्या मानानं लवकर सुटला, आणि तो मी सोडवला नाही. एक बाई म्हणाली, टोळीत पाणी आणणारीला आपण वाटा देतो का नाही? ती कुठं सोयाबीन काढते? मग लेकराकडचीला का नको? त्यावर अर्धा तास गदारोळ झाला, घरात बसून वाटा कसला, वगैरे. शेवटी गुत्त्यात तिचा एक वाटा धरायचं ठरलं. शिवाय आठवड्यातून दोन दिवस दुसरीनं लेकरांकडं बसायचं आणि हिनं रानात यायचं. वाटा हातात आल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल? एका बाईला सांगितलं, तुझं पोरगं लई मारकुटं हाय, त्याला आधी समजाव, मग आण. दोन वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं.

दुसरा विषय असा सुटला नाही. एक वयस्कर बाई म्हणाल्या, लेकराला कसली आलीय जात! सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या घरी वेगळा कप ठेवलेला मी पाहिला होता, मी तेव्हा गप्प बसले. बसायला नको होतं. लेकरं एकीच्या दारातून अंगणवाडीच्या व्हरांड्यात आणली, तेव्हा ते आठवं लेकरूही आलं. खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात झाली, त्या आईचा वार आला तेव्हा. तिच्या लेकराला मांडीवर घेणं एक आणि आपलं लेकरू तिच्या हातची भाकर खाणार हे दुसरं. त्या दिवशी चार लेकरं आली नाहीत. ताप, पाहुणे, पोट बिघडलं, अशी कारणं आली. पुढच्या वर्षी दोन आली नाहीत. ती दोन अजूनही तिच्या वाराला येत नाहीत. ती मात्र दर वेळी आठ जणांचा अंदाज धरून भाकरी आणते.

मैत्री म्हटली की आपल्याला ती आपोआप उगवणारी गोष्ट वाटते. पण कोण कुणाच्या दारात बसतं, कुणाच्या घरचं पाणी पितं, कुणाला 'जरा बघ' म्हणता येतं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त त्या आखलेल्या रेघेच्या आत मैत्री करतो आणि तिला मोठ्या मनाचं म्हणतो.

पुरुषांचं काय, असं तुमच्यातली कुणीतरी विचारणारच. पत्रिकेत 'पालक' छापलंय आणि सभागृहात तीन पुरुष आहेत, त्यातले दोन माईकवाले. त्याच गावात एक जण पिकअप चालवतो. त्याची बायको ए.एन.एम.च्या शिक्षणाला बाहेरगावी राहायची, मूल याच्याकडं आणि आजीकडं. तो पोराला घेऊन व्हरांड्यात यायचा. पोर घास तोंडात धरून बसतं, गिळत नाही, काय करू, असं विचारायचा. पारावरच्या पोरांनी त्याला 'वैनी' म्हणायला सुरुवात केली. ते अपेक्षितच होतं. पण आपल्या बायका? तो आला की बोलणं थांबायचं, पदर सारखे व्हायचे, तो गेला की हसणं. बाप लेकरू सांभाळत नाहीत ही आपली तक्रार, आणि एक सांभाळायला आला तर त्याला बसायला जागा नाही. त्यानं वार मागितला तेव्हा एक जण स्पष्ट म्हणाली, "गडीमाणसाजवळ पोरी कशा ठेवायच्या?" ही भीती मी उडवून लावणार नाही, ती कुठून येते हे आपल्याला ठाऊक आहे. मग त्याचा वार उघड्या व्हरांड्यात, अजून एका बाईच्या जोडीनं, असं ठरलं. तो गोष्टी फार रंगवून सांगतो म्हणे. लेकरं त्याच्या वाराची वाट बघतात.

हे सगळं ऐकून साहेब लोक खूश होतात, बायका आपलं आपण बघतात, छान! तिथं मला थांबवायचंय. वाशी, भूम, परंडा, कळंबकडच्या बायका ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि पाच-सहा महिने कोपीत. तिथं कुणाचा वारंगुळा कुणाशी होणार? फडात प्रत्येकीचे हात अडकलेले. मग लेकरू येतं आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर आणि तिची शाळा बुडते. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच ओळखलं होतं, धाकट्या भावंडांमुळे मुली शाळेत येत नाहीत. म्हणून त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. एके काळी मुंबईच्या गिरणीतल्या बायका तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. त्यांना मैत्रिणी नव्हत्या म्हणून का? मैत्रिणीही गिरणीतच होत्या म्हणून. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीकाळातल्या लाभाच्या बिलाला पाठिंबा दिला, तेव्हा हा भार सरकारनंही उचलला पाहिजे असं ठामपणे मांडलं होतं. आपल्या राज्याच्या रोजगार हमीत कामावर पाळणाघराची तरतूद होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही होती : सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर मजूर बायकांपैकीच एकीला त्यांच्याकडं बसवायचं आणि तिला मजुरीच्या दरानं पैसे द्यायचे. म्हणजे टोळीतल्या बायकांनी जो वाटा भांडून ठरवला, तो कायद्याच्या कागदावर आधीच लिहिलेला होता. त्या गटात कुणालाही तो माहीत नव्हता. मलाही ऐन वेळी आठवला नाही.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण अंगणवाडी दुपारी मिटते आणि रान संध्याकाळी सुटतं. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या गावात असं पाळणाघर चालू आहे, त्यांनी हात वर करा बरं.

(एकही हात वर झाला नाही.)

तर तालुक्याला द्यायच्या निवेदनात पहिला मुद्दा हा लिहू. बाराही महिने, रान सुटेपर्यंत उघडं पाळणाघर, आणि तिथं बसणाऱ्या बाईला पगार, मानधन नव्हे. तोवर आपले वार चालू राहतीलच. पण गावी गेल्यावर गटाच्या वहीत एक पान वेगळं काढा. कोण कुणाची लेकरं किती वेळ बघतं, ते महिनाभर नुसतं लिहून ठेवा. कुणाचं नाव एकाच रकान्यात येतं आणि कुणाचं लेकरू कुठल्याच रकान्यात नाही, ते बघा. भांडणं होतील. होऊ द्या.

माझं बोलणं अजून अर्धं बाकी आहे, पण ते दुपारी बोलू. आता साडेअकरा झालेत. बाहेरच्या चौघींना आत पाठवते. त्यांना सकाळपासूनचं सगळं नीट सांगा, गाळू नका, शिवणाच्या परीक्षेचंही सांगा. मी लेकरांकडं जाते. अजून तीन जणी लागतील. आणि माईकवाले दादा, तुमच्यातला एक जण चला माझ्याबरोबर, झोळीतलं उठलंय, मला इथवर ऐकू येतंय.